कोणाचा विद्यार्थी?



विद्यापीठाच्या आवारात नवा संशोधक विद्यार्थी भेटला की आपण त्याला आधी विषय विचारत नाही. आपण विचारतो, "तू कोणाकडे आहेस?" तो दोन शब्दांत नाव सांगतो आणि त्या नावावरून आपण त्याच्याबद्दलचे निम्मे अंदाज बांधून मोकळे होतो. पुढे तो स्वतः प्राध्यापक होतो, त्याचेही केस पिकतात, तरी सभेत ओळख करून देणारा म्हणतोच, "हे अमक्यांचे विद्यार्थी." व्याकरणात ही षष्ठी विभक्ती. चा, ची, चे. मालकीही ती दाखवते आणि नातंही तीच दाखवते. 'पाटलांचा वाडा' आणि 'पाटलांचा मुलगा' यांतला फरक प्रत्ययावरून कळत नाही, तो आपल्याला आधीच ठाऊक असावा लागतो.

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवताना मी या षष्ठीचे दोन्ही अर्थ पाहिले. गाईडच्या घरचं गॅस सिलिंडर आणून देणारे विद्यार्थी पाहिले. वर्षभर रात्री जागून केलेल्या कामावर आपलं नाव शेवटी छापलेलं बघून गप्प बसलेली मुलगी पाहिली. आणि साठी उलटल्यावरही 'आमचे सर' म्हणताना ज्यांचा आवाज बदलतो, अशीही माणसं पाहिली. म्हणून आज एका गुरु-शिष्याच्या जोडीविषयी बोलावं असं मनात आलं. गुरू यॉर्कशरचा, शिष्य कोल्हापुरात जन्मलेला आणि बनारसमध्ये वाढलेला. फ्रेड हॉईल आणि जयंत विष्णु नारळीकर. 1960 मध्ये जुळलेलं हे नातं 20 ऑगस्ट 2001 रोजी हॉईल गेले तोवर, म्हणजे एकेचाळीस वर्षं, टिकलं. मी नारळीकरांचा विद्यार्थी नव्हतो. त्यांची पुस्तकं शिकवली आणि त्यांची व्याख्यानं मागच्या खुर्चीत बसून ऐकली, एवढाच माझा अधिकार. 20 मे 2025 रोजी पुण्यात ते गेले. त्यानंतर त्यांची पुस्तकं पुन्हा काढून वाचू लागलो, तेव्हा हॉईल यांचं नाव किती सहज आणि किती वेळा येतं, हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

आधी या गुरूची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे हॉईल यांना 'चुकलेल्या सिद्धांताचे जनक' एवढंच लक्षात ठेवण्याची वाईट पद्धत पडली आहे. 1915 साली बिंग्ली या गावाजवळ त्यांचा जन्म झाला. युद्धकाळात रडारवर काम करताना त्यांना हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड भेटले. 1948 मध्ये या तिघांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तसतसं मधल्या पोकळीत नवं द्रव्य निर्माण होतं आणि विश्वाचं एकंदर रूप तेच राहतं. विरोधी कल्पनेला 'बिग बँग' हे नावही हॉईल यांनीच 1949 मध्ये बीबीसीवरच्या भाषणात दिलं. ते नाव जगभर रूढ झालं आणि मराठीत 'महास्फोट' म्हणून आलं.

पण त्यांचं सर्वांत मोठं काम ताऱ्यांच्या पोटातलं. हायड्रोजनपासून हेलियम कसा होतो हे कळलं होतं, पुढची पायरी अडली होती. हेलियमच्या तीन अणुकेंद्रांपासून कार्बन बनायचा तर कार्बनच्या केंद्राला 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी, असं त्यांनी 1953 मध्ये ताडलं. तर्क साधा होता: जगात कार्बन आहे, आपण आहोत, म्हणजे ती पातळी असणारच. कॅलिफोर्नियात विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी शोध घ्यायचा आग्रह धरला आणि पातळी सापडली. 1957 मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर व हॉईल या चौघांनी मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी घडतात यावरचा तो प्रचंड निबंध लिहिला. आपल्या हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह कुठून आलं, याचं उत्तर त्या निबंधात आहे. 1983 चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं, हॉईल यांना नाही. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

आता शिष्य. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, स्वतः केंब्रिजला शिकून आलेले आणि सापेक्षतावादावर काम करणारे. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. 1957 मध्ये बनारसची बी.एस्सी. करून जयंतराव केंब्रिजला गेले. तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येऊन रँग्लर झाले. रँग्लर या शब्दाचं मराठी मनाला किती अप्रूप आहे, हे रघुनाथराव परांजप्यांपासून आपल्याला ठाऊक आहे. अशा मुलाला पुढे कोणाकडे संशोधन करायचं याची निवड करता येत होती. त्याने हॉईल निवडले आणि हॉईल यांनीही त्याला घेतलं. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण हॉईल फार विद्यार्थी घेत नसत. दोनच वर्षांनी ऑक्सफर्डहून आलेल्या एका मुलाला हॉईल यांच्याकडेच काम करायचं होतं. त्याला डेनिस शियामा यांच्याकडे पाठवलं गेलं आणि तो खट्टू झाला. त्या मुलाचं नाव स्टीफन हॉकिंग. तो या कथेत पुन्हा येणार आहे.

हॉईल हे केंब्रिजमध्ये खगोलशास्त्राचे प्लुमियन प्राध्यापक होते. त्यांचं बरंचसं काम घरी चाले, क्लार्कसन क्लोजमधल्या घरी. विद्यार्थी तिकडेच जायचे, बार्बरा हॉईल यांचं आतिथ्य घ्यायचे आणि विश्वाच्या भूतकाळाबद्दल वाद घालायचे. गुरुगृही राहून विद्या घेण्याची आपल्याकडची जुनी कल्पना इथे टिकून होती, असं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की इथे शिष्याने सरपण आणायचं नव्हतं, चुका दाखवायच्या होत्या.

पहिल्याच वर्षी, 1961 च्या सुरुवातीला, परीक्षेचा प्रसंग आला. केंब्रिजमध्येच मार्टिन राईल रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरच्या स्रोतांची मोजदाद करत होते. फिकट, म्हणजे दूरचे आणि म्हणून जुन्या काळातले स्रोत स्थिर स्थितीच्या हिशेबापेक्षा जास्त भरतात, असं त्यांना आढळलं. विश्व पूर्वी वेगळं होतं, असा याचा अर्थ. ही घोषणा एका पत्रकार परिषदेत झाली. हॉईल पती-पत्नींना बोलावून पुढे बसवलं होतं, पण काय जाहीर होणार आहे याची त्यांना आधी कल्पना दिलेली नव्हती. वार्ताहर त्यांच्याकडे वळले. त्या प्रसंगाचा सल हॉईल यांच्या मनातून कधी गेला नाही.

उत्तर द्यायचं होतं. हॉईल आणि नारळीकर कामाला लागले. त्यांची सूचना अशी: दीर्घिका अवकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत, फार मोठ्या मापावर त्यांचे पुंजके आहेत, रेडिओ स्रोतही पुंजक्यांत आले तर राईल यांनी मोजलेला कल स्थिर स्थितीतही मिळू शकतो. फेब्रुवारीत रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राईल बोलणार होते. हॉईल यांना त्या दिवशी दुसरीकडे जाणं भाग होतं. बाजू मांडायला त्यांनी नारळीकरांना पाठवलं.

मित्रहो, इथे मला जरा थांबायचं आहे. बावीस वर्षांचा मुलगा. संशोधनाला लागून जेमतेम काही महिने झालेले. परका देश. समोर इंग्लंडमधले सगळे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. गुरूची प्रतिष्ठा पणाला लागलेली, तीही जाहीरपणे दुखावली गेल्यानंतर लगेच. कोणत्याही मार्गदर्शकाने बैठक पुढे ढकलण्याची विनंती केली असती, किंवा एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला उभं केलं असतं. हॉईल यांनी तसं केलं नाही. गणित दोघांनी मिळून केलं होतं, तेव्हा ते दोघांपैकी कोणीही मांडू शकतो, इतका सरळ हिशेब. मी वर्गात अनेकदा विचार केला आहे, की मी माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती माझी अब्रू अशी दिली असती का? विद्यार्थ्याला शाबासकी देणं सोपं असतं. आपली अब्रू त्याच्या हाती सोपवणं वेगळं. ती सोपवली त्या दिवशी मार्गदर्शक आणि विद्यार्थी हे नातं संपून मैत्री सुरू झाली, असं मी मानतो. नारळीकरांनी ती बाजू नीट मांडली. दीर्घिकांचे एवढे मोठे पुंजके तेव्हा फारसं कोणी मान्य करत नव्हतं. आज हेच पुंजके महासमूह म्हणून शाळेच्या पुस्तकात आहेत. राईल यांचा मुख्य निष्कर्ष मात्र पुढे टिकला, हेही सांगायला हवं.

1964 च्या जूनमध्ये दोघांनी रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. धागा भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा. आपल्या अंगठ्याएवढ्या दगडाचं जडत्व त्या दगडात साठवलेलं नाही. विश्वातल्या प्रत्येक कणाच्या एकत्रित प्रभावातून ते येतं. उरलेलं विश्व काढून टाका, दगडाचं वस्तुमानच नाहीसं होईल. हा विचार गणितात बसवून त्यातून आइन्स्टाइनची समीकरणं मिळवायची, असा तो प्रयत्न होता. श्रोत्यांत हॉकिंग बसले होते. नारळीकरांची आणि त्यांची खोली एकमेकींच्या जवळ होती, त्यामुळे ही आकडेमोड त्यांच्या नजरेखालून गेलेली होती. व्याख्यान झाल्यावर ते काठीच्या आधाराने उभे राहिले आणि म्हणाले की प्रसरणशील विश्वात ही बेरीज अनंताकडे जाते. हॉईल रागावले. पण आक्षेप गंभीर होता, हॉकिंग यांनी तो पुढच्या वर्षी निबंधरूपाने छापला आणि आपलं गणित कोणत्या परिस्थितीत उभं राहतं, याचं उत्तर हॉईल आणि नारळीकर पुढची कित्येक वर्षं शोधत राहिले.

वर्तमानपत्रांनी मात्र या सिद्धांताला डोक्यावर घेतलं. भारतात तर सव्विसाव्या वर्षी, 1965 मध्ये, नारळीकरांना पद्मभूषण मिळालं. मला इथे नावाकडे लक्ष वेधायचं आहे. 'हॉईल–नारळीकर सिद्धांत.' मूळ कल्पनेवर हॉईल आधीपासून विचार करत होते, नाव त्यांचं जगभर होतं. एकट्याच्या नावाने तो चालला असता तर कोणी भुवई उंचावली नसती. तळटीपेत 'गणितासाठी जयंत नारळीकर यांचे आभार' एवढं लिहूनही चाललं असतं. त्याऐवजी मधे एक छोटी आडवी रेघ आली आणि दोघं एका ओळीत उभे राहिले. त्या एवढ्याशा रेघेत मला हॉईल यांचं माणूसपण दिसतं.

1965 मध्ये पेंझियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोटाची ऊब, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला, आणि तो बरोबर होता असं मलाही वाटतं. त्या वर्षी खुद्द हॉईल यांनीही मूळ रूपातली स्थिर स्थिती सोडावी लागेल असं जाहीरपणे म्हटलं होतं. पुढे ते नव्या रूपात तिच्याकडे परतले. पाठीशी असलेली माणसं हळूहळू पांगली. कोणी विषय बदलला, कोणी बाजू.

1966 मध्ये हॉईल यांनी केंब्रिजमध्ये खगोलशास्त्राची संस्था उभी केली. झाडांमधली बसकी इमारत, उन्हाळ्यात जगभरातून येणारे पाहुणे, दारं उघडी. नारळीकर तिथल्या पहिल्या काही जणांतले. त्याच वर्षी त्यांचं लग्न मंगला राजवाडे यांच्याशी झालं, ज्या पुढे गणिताच्या उत्तम शिक्षिका आणि लेखिका म्हणून आपल्याला परिचित झाल्या. सहा वर्षं चांगली गेली. 1972 मध्ये विद्यापीठातल्या नेमणुका आणि कारभार यांवरून हॉईल यांनी राजीनामा दिला, प्राध्यापकपदही सोडलं आणि ते उत्तरेकडे सरोवरांच्या प्रदेशात जाऊन राहिले. त्याच वर्षी नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. एका वर्षात दोघांचंही केंब्रिज सुटलं.

अशा वेळी बहुतेक नाती नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर येतात. यांची आली नाहीत. 1974 मध्ये दोघांचं दूरस्थ क्रियेवरचं, म्हणजे कण दुरूनच एकमेकांवर परिणाम करतात या कल्पनेवरचं, पुस्तक निघालं, 1980 मध्ये आणखी एक. 1993 मध्ये जेफ्री बर्बिज यांना सोबत घेऊन त्यांनी 'स्थिरवत स्थिती' मांडली: विश्व दीर्घकाळ प्रसरण पावतं, पण त्यात पन्नास अब्ज वर्षांच्या आसपासच्या आवर्तनांची भरती-ओहोटी आहे, सूक्ष्मलहरी म्हणजे लोखंडाच्या बारीक तंतूंनी शोषून पुन्हा फेकलेला ताऱ्यांचाच प्रकाश. 2000 साली तिघांचं पुस्तक आलं तेव्हा हॉईल पंच्याऐंशीचे होते. जगातल्या बहुतेक विश्वरचनाशास्त्रज्ञांनी हा सिद्धांत स्वीकारला नाही. मीही स्वीकारू शकलेलो नाही. त्या प्रारणातल्या सूक्ष्म चढउतारांचं जे तपशीलवार चित्र मिळालं, ते महास्फोटाच्या हिशेबात बसतं आणि इकडे बसवताना ओढाताण होते.

मग ही निष्ठा आंधळी होती का? हा प्रश्न मला अनेक विद्यार्थ्यांनी विचारला आहे. माझं उत्तर ठामपणे नाही असं आहे. नारळीकरांचं विश्वरचनेवरचं पाठ्यपुस्तक उघडा. महास्फोटाचं प्रमाण प्रतिरूप त्यात संपूर्ण, स्वच्छ आणि कसलीही खोच न मारता शिकवलेलं आहे. पर्यायी सिद्धांत आणि त्याविषयीची स्वतःची मतं वेगळ्या प्रकरणांत. त्यांचे विद्यार्थी पाहा. थाणू पद्मनाभन यांनी त्यांच्याकडे पीएच.डी. केली, गुरूसोबत पुस्तक लिहिलं आणि पुढे महास्फोटाच्या चौकटीत दीर्घिका कशा घडतात यावरचा मान्यवर ग्रंथ लिहिला. सरांच्या मताविरुद्ध जाण्यासाठी त्यांना बंड करावं लागलं नाही. हॉईल यांनी आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्याचा जीवाश्म बनावट असल्याचा दावा केला, तेव्हा त्यावर नारळीकरांचं नाव नव्हतं. जिथे स्वतः गणित करून पाहिलं होतं, तिथेच ते गुरूबरोबर उभे राहिले.

ही तपासून पाहण्याची सवय त्यांच्या सगळ्या वागण्यात होती. फलज्योतिषाविरुद्ध केवळ भाषण करून ते थांबले नाहीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींसोबत त्यांनी चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. सत्तावीस ज्योतिष्यांची सरासरी 46 टक्के भरली. नाणं उडवलं असतं तर 50 आली असती. सही मागणाऱ्या मुलांना ते वहीवर सही देत नसत. विज्ञानातला प्रश्न पोस्टकार्डावर पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं सांगत.

हॉईल यांच्याकडून आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे आली आणि ती आपल्या घराघरांत पोचली. हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी 1957 ची. मोठा शास्त्रज्ञ गोष्टी लिहितो आणि त्यात त्याचं काही कमी होत नाही, हे नारळीकरांनी जवळून पाहिलं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांना आपण कोण हे कळू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. 1975 च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. पुढे 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' आणि 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद.

1988 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष यशपाल यांच्या पाठिंब्याने पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांची आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था, उभी राहू लागली. आसाम, केरळ, विदर्भ, कुठल्याही लहान विद्यापीठातल्या शिक्षकाने यावं, राहावं, तिथल्या संशोधकांशी बरोबरीने काम करावं आणि परत जावं, ही तिची रचना. केंब्रिजच्या त्या बसक्या इमारतीचा उन्हाळा पुण्यात बारमाही झाला, असं मला तिथे राहताना वाटलं होतं.

एक शेवटचा प्रसंग. जीवसृष्टीचं बी अवकाशातून, धूमकेतूंबरोबर आलं, असं हॉईल खगोलशास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासह अनेक वर्षं सांगत होते. जीवशास्त्रज्ञ ऐकून घ्यायलाही तयार नव्हते. नारळीकरांनी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. त्यांनी हैदराबादहून फुगा सोडायचं ठरवलं. इस्रो मदतीला आली, हैदराबाद आणि पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आले. पहिलं उड्डाण जानेवारी 2001 मधलं, तेव्हा हॉईल हयात होते. दुसरं 20 एप्रिल 2005 चं, तेव्हा नव्हते. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या, त्यांना गार ठेवायला द्रवरूप निऑन, आणि 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची विरळ हवा. त्या हवेतून जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जिवाणू विज्ञानाला अगदी नवे होते आणि अतिनील किरणांना दाद न देणारे. ते वरून आले की पृथ्वीवरूनच वर गेले, हे या प्रयोगातून ठरलं नाही, आणि तसं त्यांनी स्पष्टपणे सांगितलं.

2009 मध्ये त्या तीन जिवाणूंचं बारसं झालं. एकाचं नाव आर्यभटावरून ठेवलं, एकाचं इस्रोवरून. तिसऱ्याचं नाव जॅनिबॅक्टर हॉयली. जीवशास्त्रातली नावं लॅटिनच्या नियमाने चालतात आणि एखाद्या पुरुषाच्या नावाला शेवटी जोडलेला तो 'ई' म्हणजे लॅटिनमधली षष्ठी. हॉयली. हॉईलचा.